झीली आत्याच्या पहिल्या तबकड्या

‘मी मेले की मला जाळ आणि राख कुठेही टाक,’ असं माझी आत्या मला कित्येक वर्षं सांगत होती. आम्हा काळ्या, चर्चला जाणाऱ्या लोकांत माणसाला जाळत नाहीत. आमच्यात मातीच देतात, आणि तीही आपल्या माणसांशेजारी. चर्चच्या मागच्या उतारावर आमच्या टोरेन घराण्याच्या चार पिढ्या पूर्वेकडे पाय करून झोपल्यात. तिथे माझ्या आजोबांच्या एका बाजूला आजी आहे आणि दुसऱ्या बाजूला एक जागा मोकळी आहे. ती आत्याची. माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, जाताना माझा हात धरून सांगितलं होतं, “क्लॉडीन, तिला त्या जागेवर आण. कशी आणायची ते तुझं तू बघ.” जाणाऱ्याचं बरं असतं, काम सांगून मोकळं होता येतं. मागे राहिलेल्याला आत्याशी बोलावं लागतं.

आत्या म्हणजे आर्झीलिया टोरेन. घरात आम्ही तिला झीली म्हणतो. तुम्ही तिच्या गाण्याच्या तबकड्या ऐकल्या नसल्या तरी जे गाणारे तुम्ही ऐकलेत, त्यांनी त्या ऐकल्यात. पांढऱ्या दाढीचे मोठमोठे गवई टीव्हीवर सांगतात, शाळेत असताना हिचं गाणं कानावर पडलं आणि आम्ही गिटार हातात घेतली. अंगठ्याने खालची तार ठोकत राहायची आणि वरच्या तारांवर गाणं चालवायचं, ही तिची ढब. आणि तो खर्जातला आवाज, विहिरीतून वर येणाऱ्या बादलीसारखा, सावकाश आणि भरलेला. टीव्हीवर कुणी असं काही बोललं की आत्या म्हणते, “बरं झालं हो. आता जरा बाजूला सर, मला हवामान बघायचंय.”

तिचा राग होता तो तिच्या वडिलांवर. माझे आजोबा होझिया टोरेन आमच्या चर्चचे डीकन, म्हणजे पंचांतले एक. पुस्तकं परवडत नसत त्या काळापासूनची आमची रीत अशी, की डीकन उभा राहून भजनाची एक ओळ सांगतो आणि मग सगळं चर्च ती ओळ ओढून-ताणून, हेलकावे देत गातं. आजोबा ओळ सांगायचे तेव्हा बाहेर बांधलेली खेचरंही कान टवकारायची, असं माझे वडील सांगत. तेवढीच देवाची गाणी. बाकीची सैतानाची, आणि गिटार म्हणजे तर सैतानाची काठी. अशा माणसाच्या पोटी झीली आत्या आली. देवालाही कधीकधी थट्टा सुचते.

आजी वारली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आत्याने तिच्यावर एक गाणं रचलं. मळ्यातून घरी येते, वाट तीच आहे, पण दिवा लावणारं कुणी नाही, असं काहीसं. गाणं आईचं, पण चाल ब्लूजची, म्हणजे चर्चबाहेर, गुत्त्यांत गातात त्या दुःखाच्या गाण्यांची. शाळेचे मास्तर रॉयस्टर यांच्या ते कानावर गेलं. त्यांनी डरहॅमच्या कॉलेजातून गाणं थेट तबकडीवर कोरून घ्यायचं यंत्र मागून आणलं आणि ते आजोबांच्या बैठकीच्या खोलीत मांडलं. मास्तर म्हणजे गावाचा मान, त्यांना नाही म्हणता येईना. आजोबांनी टोपी उचलली आणि ते तंबाखूच्या भट्टीकडे निघून गेले. पानं वाळायला टांगलेली होती, भट्टीत लाकडं घालायला कुणीतरी हवंच होतं, पण तेव्हाच जायला हवं होतं असं नाही. आत्या गिटार मांडीवर घेऊन बसली आणि तिने दारातून बापाची पाठ जाताना पाहिली.

मास्तर तबकड्या घेऊन न्यूयॉर्कला गेले, तिथल्या एका कंपनीने आत्याला बोलावून घेतलं. ती निघायच्या आधीच्या रविवारी चर्चने आपल्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं. तशी रीत आहे, उभं करून विचारतात आणि हात वर करून मत घेतात. आजोबांनी हात वर केला. पुढच्या हिवाळ्यात ते न्यूमोनियाने गेले. आत्या रेल्वेने आली, मागच्या बाकावर बसली, आणि अख्ख्या जिल्ह्यात तिच्यासारखा गळा दुसरा नसताना तिला बापाच्या मयतीला कुणी गा म्हटलं नाही.

म्हातारपणी ती परत आली, माझ्या शेजारी घर घेतलं, पण चर्चची पायरी चढली नाही. मी तिला त्या मोकळ्या जागेबद्दल बोलले की तिचं एकच उत्तर. “ज्याने माझं एक गाणं कधी ऐकलं नाही, त्याच्याशेजारी मी न्यायाच्या दिवसापर्यंत पडून राहू? काय बोलायचं गं आम्ही इतका वेळ?”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ जळायचा बाकी होता, आणि मला त्याचीच भीती. त्या वसंतात तिच्या हृदयाचं दुखणं वाढलं. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, “मिस क्लॉडीन, जे काही ठरवायचं असेल ते ठरवून ठेवा.” मी काय ठरवणार? शब्द एका मेलेल्या माणसाला दिलेला, आणि हट्ट एका जिवंत बाईचा.

असं सगळं असताना नोरीन हॅस्केल नावाच्या बाईंचा फोन आला. जुनी ध्वनिमुद्रणं धुऊन-पुसून पुन्हा ऐकण्याजोगी करणं हा त्यांचा धंदा. न्यूयॉर्कची ती कंपनी कधीच बुडाली होती, पण तिच्या तळघरात मास्तर रॉयस्टर यांनी नेलेल्या तबकड्या सापडल्या होत्या. कंपनीने तेव्हा एकदा ऐकून ठेवून दिल्यावर त्या पुन्हा कुणी वाजवल्याच नव्हत्या. आता एक छोटी कंपनी त्या बाजारात आणू म्हणत होती, पण आत्याच्या होकाराशिवाय नाही.

“नको सांग,” आत्या म्हणाली.

“अगं, ऐकून तर घे.”

“तो दिवस मी एकदा ऐकलाय. पुरे.”

मी नोरीनबाईंना ‘या’ म्हणून सांगितलं. आत्याला सांगितलं की पाहुणी येतेय. पाहुण्याला दारातून परत पाठवणं आत्याच्या रक्तात नाही, तेवढा एक डीकनचा गुण तिच्यात पुरेपूर आहे.

नोरीनबाई शनिवारी दुपारी आल्या. पन्नाशीच्या, गोऱ्या, सडपातळ, आणि इतक्या अदबीने बोलणाऱ्या की आत्याला लगेच संशय आला.

“जेवलात का?” आत्याने विचारलं.

“हो, वाटेत थोडं खाल्लं.”

“म्हणजे नाही जेवलात. क्लॉडीन, हिला वाढ.”

मग चिकन, पालेभाजी, मक्याचा पाव आणि वर रताळ्याची पाय, म्हणजे गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी, असं सगळं त्यांच्यासमोर आलं. त्या खात असताना आत्या त्यांच्या हातांकडे बघत होती. “तुम्ही वाजवता काय काही?”

“नाही. मी फक्त ऐकते.”

“ते बरं. वाजवणारे उदंड झालेत,” आत्या म्हणाली, आणि मला कळलं की घोडं थोडं पुढे सरकलंय.

जेवणं झाल्यावर नोरीनबाईंनी लॅपटॉप आणि दोन छोटे स्पीकर टेबलावर मांडले. त्यांनी सांगितलं, तबकड्यांवरचा काळा लेप पापुद्रे धरून सुटत होता, वर पांढरी साय धरली होती. ती धुऊन काढली, एकेक तडा जुळवला, मग खरखर उतरवली. एवढी मेहनत माझ्या आत्याच्या एका दुपारसाठी कुणीतरी केली, ह्यानेच मला भरून आलं. आत्या मात्र हाताची घडी घालून, दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखी बसली होती.

गाणं सुरू झालं. काय सांगू. मी तिला आयुष्यभर ऐकलंय, पण ही एकोणीस वर्षांची पोर मी कधी ऐकली नव्हती. आवाज तोच, पण अजून ओला. अंगठा तसाच खालच्या तारेवर. आसपास काही नाही, एक टाचणी पडली नाही. एका ठिकाणी गाणं थांबतं, गिटार एकटीच एक फेरा घेते आणि मग ती पुन्हा उचलते. संपलं तेव्हा मी डोळे पुसत होते.

आत्या म्हणाली, “पोरगी चांगली गाते. पण बसलीय कुठे? डब्यात?”

नोरीनबाईंचा चेहरा उतरला. “तुम्हाला आवडलं नाही.”

“आवडलं की. तुम्ही भांडी लख्ख घासता. पण हे माझ्या बापाचं घर नाही, ही कुठलीतरी रिकामी खोली आहे.” तिने टेबलाला हात टेकून उठायला सुरुवात केली. “माणूस नसलेलं घर तेव्हाही होतं आणि आताही आहे. विकायचं असेल तर विका, मला काही नको त्यातलं. क्लॉडीन, मी जरा पडते.”

संपलं, मला वाटलं. मी मनात मांडे खाल्ले होते, की जुनं गाणं ऐकून तिचं मन वितळेल. ते उलट आणखी घट्ट झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

“मिस टोरेन,” नोरीनबाई म्हणाल्या, “एक विचारायचं राहिलं. त्यासाठीच मी स्वतः आले. ही साफ केलेली प्रत आहे. मूळ प्रतीत बाहेरचे आवाज आहेत, दार, कोंबडा वगैरे. कंपनीने सांगितलं ते काढा म्हणून काढले. पण त्यात मागे एक पुरुषही आहे. तो तुमच्याबरोबर गुणगुणतोय, आणि एकदा बोलतो. मला वाटलं मास्तर रॉयस्टर असतील. असतील तर वेष्टनावर त्यांचं नाव द्यायला हवं. नसतील तर ज्याचं असेल त्याचं. तो कोण, हे कळल्याशिवाय त्याला पुसून टाकणं मला बरं वाटेना.”

आत्या अर्धी उठलेली तशीच राहिली. “खोलीत मी आणि मास्तर. तिसरं कुणी नव्हतं.”

“मायक्रोफोन कुठे होता, आठवतंय?”

“खिडकीत टांगला होता. यंत्र घरघरायचं म्हणून मास्तरांनी तो यंत्रापासून लांब नेला. मी इकडे, चुलाण्यापाशी.” ती पुन्हा खाली बसली. “लावा बघू.”

या खेपेला आधी खरखर आली, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. मग कोंबडा. मग जाळीचं दार आपटल्याचा आवाज, लांबून. गिटार सुरू झाली, आत्या गायला लागली, आणि दुसऱ्या कडव्यापासून तिच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. शब्द नाहीत, नुसता हुंकार, लांब ओढलेला, वर-खाली होणारा. मला कुणी सांगायची गरज नव्हती. दर रविवारी पुढच्या बाकांवरून येतो तोच तो. डीकन लोक भजनाखाली असाच आवाज धरतात, गाणाऱ्याच्या पायांखाली जमीन घातल्यासारखा.

तिसरं कडवं आलं, आईच्या दिव्याचं. पोरीचा आवाज चिरला आणि थांबला. गिटार एकटीच फिरत राहिली. आणि त्या रिकाम्या जागेत, खिडकीच्या अगदी जवळून, एक जाडा पुरुषी आवाज म्हणाला, “सावकाश, लेकरा. सावकाश घे.”

मग पोरीने गाणं पुन्हा उचललं.

नोरीनबाई आमच्या तोंडाकडे बघत होत्या. “मास्तर का?”

“मास्तर रॉयस्टर एपिस्कोपल चर्चचे होते,” मी म्हटलं. “त्यांच्याकडे शिंक आली तरी माणूस माफी मागतो. गाणाऱ्याशी मध्येच बोलणं त्यांच्याच्याने झालं नसतं.”

हे आमच्याकडचं आहे. प्रार्थना करताना, देवाची साक्ष देताना, गाताना कुणाचा कंठ दाटला की पुढच्या बाकावरचे वडीलधारे असं म्हणतात. पण ते सैतानाच्या गाण्याला म्हणत नाहीत. ज्याच्या तोंडून देव बोलतोय असं त्यांना वाटतं, त्यालाच म्हणतात. आणि आवाज तर थेट माझ्या वडिलांसारखाच होता, थोडा आणखी जाड. आजोबांना मी कधी पाहिलं नाही, माझ्या जन्माआधीच ते गेले. तरी मी त्यांना ओळखलं.

आत्याचा उजवा अंगठा टेबलावर हलत होता.

“परत लावा,” ती म्हणाली.

परत लावलं. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी तो आवाज आला की ती डोळे मिटायची. मला तिच्या हृदयाची धास्ती वाटत होती. मी उठून तिची गोळी आणि पाणी घेऊन आले, तर तिने माझा हात बाजूला सारला.

“जाताना मी पाहिला,” ती म्हणाली. “परत आलेला नाही पाहिला. मी खिडकीकडे पाठ करून बसले होते.”

“आत्या—”

“थांब.” आणि मग ती भडकली. आयुष्यात मी तिला इतकी रागावलेली पाहिली नाही, आणि मी तिला पुष्कळ वेळा रागावलेली पाहिली आहे. “खेचर होता खेचर! लाकडं सोडून खिडकीखाली येऊन उभा राहतो, माझ्या गाण्यात आवाज मिळवतो, चर्चमध्ये म्हणायचं ते माझ्या ब्लूजला म्हणतो, आणि जेवायला बसला तेव्हा काय बोलला माहितीये? मीठ दे, म्हणाला. तेवढंच. मीठ दे! तोंड होतं ना? मला सांगायला काय झालं होतं?”

नोरीनबाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली, बसा म्हणून. मला कळत होतं, ही आग चांगली आहे.

आत्याला धाप लागली. तिने स्वतःच हात पुढे करून गोळी घेतली, पाणी प्याली, आणि पेला खाली ठेवता ठेवता रडायला लागली. आवाज न करता, बराच वेळ. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. तिची पाठ इतकी सैल मला कधी लागली नव्हती, जन्मभर डोक्यावर घेतलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तशी.

“त्याने ऐकलं गं,” ती म्हणाली. “पपाने ऐकलं.”

“ऐकलं, आत्या. तुझ्याबरोबर गायलासुद्धा.”

“आणि सुराला जरा खाली लागत होता,” ती नाक पुसत म्हणाली. “तो नेहमीच लागायचा.”

मग ती नोरीनबाईंकडे वळली. “बाई, ही डब्यातली पोर ठेवा तुमच्याकडे. ती दुसरी बाजारात आणा. कोंबड्यासकट. आणि वेष्टनावर लिहा: डीकन होझिया टोरेन, दुसरा आवाज, खिडकीतून.”

“आत्या, चर्चमध्ये काय म्हणतील? डीकनचं नाव ब्लूजच्या तबकडीवर?”

“मत घेऊ देत. काढू देत त्याचंही नाव. कळेल त्याला कसं वाटतं ते.”

ती हसली, आम्हीही हसलो. पण हसू ओसरल्यावर तिने पुन्हा त्या स्पीकरकडे पाहिलं. मला ठाऊक होतं तिच्या मनात काय आलं ते. माझ्याही मनात तेच होतं. त्याच माणसाने पुढे, सगळ्यांच्या देखत, तिच्याविरुद्ध हात वर केला होता. खिडकीखालच्या एका शब्दाने ते पुसलं जात नाही. मी नुसती वाट बघत राहिले, आणि खरं सांगते, इतका वेळ जे बरं चाललं होतं ते पुन्हा हातातून निसटतंय की काय, असं मला वाटायला लागलं.

“क्लॉडीन,” ती म्हणाली, “गाडी काढ.”

“कुठे?”

“त्याला विचारायचंय.”

नोरीनबाईंनी आपलं सामान आवरलं. दारात आत्याने त्यांच्या हातात उरलेली रताळ्याची पाय कोंबली आणि त्यांचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग आम्ही निघालो. चर्चच्या मागे गाडी उतारापर्यंत जाते, पुढे गवतातून चालावं लागतं. मी हात धरायला गेले तर म्हणाली, “तू इथेच थांब. हे घरचं भांडण आहे.”

“मी कोण मग, वाटसरू?”

“तू थांब म्हटलं ना.”

मी गाडीला टेकून उभी राहिले. ती काठी टेकत टेकत आजोबांच्या दगडासमोर गेली. परत आल्यापासून इतकी वर्षं गावात राहून ती त्या दगडापाशी कधी आली नव्हती. ती बोलत होती हे मला दिसत होतं. काठी दोनदा उगारली. हातही वर करून दाखवला, चर्चमध्ये मत देतात तसा, आणि तो कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. वारा माझ्या बाजूला आला तेव्हा मला एकच गोष्ट ऐकू आली.

“दार होतं की, पपा. दारातून यायचं.”

मग तिचा हात खाली आला. ती नुसती उभी राहिली. उन्हं कलायला लागली होती, सोमवारच्या मयतीसाठी कुणीतरी पलीकडे गवत कापत होतं. मी प्रार्थना करणाऱ्यांतली आहे, पण त्या वेळी मी फक्त तिच्या पाठीकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने तिने मला काठीने खूण केली. मी गेले. ती आता दगडाकडे बघत नव्हती. त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर उभी राहून, खाली वाकून, काठीच्या टोकाने माती उकरून बघत होती.

“इथे मुंग्या आहेत,” ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. “त्या लाल, चावऱ्या. हे बघ. काहीतरी पावडर टाकून घे इथे. मला मुंग्या चालत नाहीत.”

माझा जीव भांड्यात पडला, आणि भांडं कुठे आहे तेही मला दिसेना.

“टाकते,” मी म्हटलं, आणि गाडीच्या दिशेने तोंड फिरवून जरा उभी राहिले, कारण मला रडताना बघितलं की ती चिडते.